डीव्हीआर, थंब मशिन, सोलर लॉगर : इमारतीतले कंपनी-पासवर्ड कुठे कुठे उरतात? (सांगली-मिरज-सातारा)

वारणाकाठ (धागाकर्ता)

विश्रामबाग घ्या, मिरज घ्या, नाहीतर साताऱ्यात गोडोली-शाहूपुरी. गेल्या आठ-दहा वर्षांतली सोसायटी म्हटली की पार्किंगमध्ये सोळा चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा), गच्चीवर सोलर, ऑफिसच्या दाराला थंब मशिन आणि पाण्याच्या टाकीला वायफायवाला लेव्हल कंट्रोलर आलाच. सगळं एकाच फायबर राउटरला जोडलेलं. आणि यातलं बरंचसं कंपनीतून ज्या पासवर्डवर निघालं त्याच पासवर्डवर वर्षानुवर्षं चालू असतं.

यावर एकच सल्ला सगळीकडे ऐकू येतो, 'पासवर्ड बदला'. तो अपुरा आहे. आधी आपलं मशिन तीनपैकी कोणत्या गटातलं आहे ते ओळखावं लागतं.

पहिला गट डिफॉल्टवाल्यांचा. पासवर्ड पुस्तिकेत छापलेला असतो, बदलता येतो, बदलत कुणी नाही. २०२५ मधलं उदाहरण एंटरफोन मेश या दाराच्या इंटरकॉमचं (त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-२६७९३). अमेरिका-कॅनडातल्या डझनावारी इमारतींच्या पॅनेलमध्ये छापील युजरनेम-पासवर्डनं थेट इंटरनेटवरून शिरता येत होतं. रहिवाशांची माहिती बघता येत होती, दारं उघडता येत होती. पहिल्यांदा चालू करताना ते मशिन पासवर्ड बदलायला सांगतच नव्हतं. पुस्तिकेत बदला म्हणून लिहिलंय, ते बसवणाऱ्यानं पाळायला हवं होतं, असं कंपनीचं म्हणणं.

दुसरा गट हार्डकोडेडवाल्यांचा. इथे पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे मशिनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच पुरलेला असतो. तुम्ही वेब पेजवरून अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा (लांबून मशिनला आदेश द्यायच्या जुन्या वाटेचा) रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड जागचा हलत नाही, कारण वेब पेजला तो आहे हेच माहीत नसतं. २०१६ चं मिराई बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या मशिनांची फौज) डिफॉल्ट आणि अशा पुरलेल्या पासवर्डांवरच पोसलं. त्याच्याजवळ युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या. पोर्ट (मशिनमध्ये शिरायचं नेटवर्कचं दार) २३ आणि २३२३ वर त्या लावून बघायच्या, लागली की मशिन आपलं. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर (वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या) हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अडकले, त्यामागे असले डीव्हीआर आणि कॅमेरेच होते. शिओंगमाई या चिनी कंपनीच्या बोर्डांतला रूट पासवर्ड त्या यादीत होता, आणि तो वापरणाऱ्याला बदलता येत नव्हता.

तिसऱ्या गटात पासवर्डच नाही. मशिनं आपसात ज्या भाषांत बोलतात त्यांतल्या दोन इथे येतात, मॉडबस टीसीपी (पोर्ट ५०२) आणि नेहमीचा बॅकनेट आयपी (यूडीपी ४७८०८). मॉडबस १९७९ चा, बॅकनेट १९९५ चा. वायर आपल्याच इमारतीत आहे, बाहेरचा येणार कुठून, या हिशेबानं बनवलेले. एसीचा चिलर, पंपाचं पॅनेल, एनर्जी मीटर यांच्यात हेच असतं.

पहिल्या गटाला पासवर्ड बदलून भागतं. दुसऱ्याला फर्मवेअर अपडेट मिळालं तर ठीक, नाहीतर नेटवर्क तोडायचं किंवा मशिन बदलायचं. तिसऱ्याला कायम वेगळ्या नेटवर्कवरच ठेवायचं.

जाणकारांनी भर घालावी.

---

विश्रामबाग_सेक्रेटरी

धागा चांगला काढलात. आमच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदललेला आहे, वर टीव्हीवर पॅटर्न टाकल्याशिवाय मेनू उघडत नाही. ३+१ केबलवरचे साधे कॅमेरे आहेत, आयपी (नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असलेले) नाहीत. मग आणखी काय बघायचं राहतं?

---

आरजे४५

सेक्रेटरी साहेब, तीन गोष्टी राहतात.

कॅमेरे ३+१ वर असतील तर त्यांना आयपीच नाही, त्यांची काळजी सोडा. सगळा जीव डीव्हीआरमध्ये आहे.

पॅटर्न फक्त समोरच्या टीव्ही-माउससाठी असतो. नेटवर्ककडून येणाऱ्याला तो आडवा येत नाही.

आणि अ‍ॅडमिन हे एकच खातं नसतं. मेनूत 'युजर' किंवा 'अकाउंट' उघडून पूर्ण यादी बघा. जुन्या दाहुआ घराण्यातल्या डीव्हीआरमध्ये ८८८८८८ आणि ६६६६६६ अशी जादा खाती यायची. ब्रँडचं नाव वेगळं असलं तरी आत बोर्ड त्याच घराण्यातला असू शकतो. अशी खाती काढून टाका, निघत नसतील तर पासवर्ड बदला. जुन्या हिकव्हिजनला १२३४५ असायचा. २०१५ नंतरच्या फर्मवेअरला पहिल्यांदा चालू करताना स्वतःचा पासवर्ड ठेवावाच लागतो. त्यामुळे आताची पंचाईत वेगळीच झालीय. कॅमेरेवाला सगळ्या सोसायट्यांना एकच पासवर्ड ठेवतो, बहुतेक दुकानाचं नाव आणि १२३. मशिन कंपनीच्या डिफॉल्टवर नाही, पण गावातल्या पन्नास इमारतींना एकच किल्ली.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पासवर्ड रिसेटसाठी दिलेला ईमेल. बसवताना कॅमेरेवाला तिथे स्वतःचा टाकतो. तुम्ही पासवर्ड कितीही अवघड ठेवा, रिसेटचा कोड त्याच्या मेलवर जाणार. सोसायटीचा मेल टाका, सुरक्षा प्रश्नांची उत्तरं नव्यानं भरा.

---

विश्रामबाग_सेक्रेटरी

ईमेलचं डोक्यातच आलं नव्हतं. मोबाईल अ‍ॅपचं काय? त्यानंच आम्हाला क्यूआर स्कॅन करून दिलं होतं.

---

आरजे४५

तेच सांगणार होतो. हिक-कनेक्टसारख्या अ‍ॅपमध्ये मशिन एका वेळी एकाच खात्याला बांधलेलं असतं, बाकीच्यांना शेअर केलेलं असतं. मालकी कॅमेरेवाल्याच्या खात्यात असेल तर तुम्ही सगळे त्याचे पाहुणे. त्याला अनबाइंड करायला सांगा, मग सोसायटीच्या खात्यात जोडा आणि कमिटीच्या लोकांना तिथून शेअर करा. त्याच वेळी व्हेरिफिकेशन कोड बदला. स्टिकरवरचा सहा अक्षरी कोड पार्किंगमध्ये येणारा कुणीही मोबाईलनं टिपू शकतो.

पासवर्ड बदलताना एक घोळ हमखास होतो, तोही सांगून ठेवतो. आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) असेल तर कॅमेऱ्याचा पासवर्ड एनव्हीआरमध्येही साठवलेला असतो. कॅमेऱ्यात बदलला आणि एनव्हीआरमध्ये विसरला की एनव्हीआर जुन्या पासवर्डनं धडका मारत बसतो, कॅमेरा त्याला चुकीचं लॉगिन समजून लॉक करतो आणि स्क्रीन काळी. मग कॅमेरेवाल्याचं पोरगं येतं, सगळं फॅक्टरी रिसेट करून जुनाच पासवर्ड ठेवून जातं. म्हणून एका वेळी एकच कॅमेरा. आधी कॅमेऱ्यात, लगेच एनव्हीआरच्या त्या चॅनेलमध्ये, चित्र आलं की पुढचा. हिकव्हिजनला ८ ते १६ अक्षरंच चालतात, उगाच वाक्य लिहू नका.

---

शंकासुर

राव, उगाच भीती घालताय. बहुतेक ठिकाणी आता फायबर आहे, पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता) कुणालाच मिळत नाही. सीजीनॅटच्या मागं (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) बसलेल्या डीव्हीआरला परदेशातला हॅकर शोधणार कसा?

---

वारणाकाठ

शंका रास्त आहे, पण उत्तर तुमच्या लाईनवर अवलंबून.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरून येणाऱ्या लाईनचा) आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टप्प्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून येणारा आकडा आणि वॅनचा आयपी एकच असेल तर मात्र तुम्ही थेट रस्त्यावर. बरेच छोटे केबलवाले आणि व्यावसायिक कनेक्शनवाले पब्लिक आयपी देतात. कॅमेरेवालेही 'मोबाईलवर बघायला स्टॅटिक आयपी घ्या' म्हणून ग्राहकाला तो घ्यायला लावायचे.

आता राउटरमध्ये तीन जागा बघा. पोर्ट फॉरवर्डिंगची यादी, डीएमझेड आणि यूपीएनपी. डीएमझेडमध्ये डीव्हीआरचा आयपी टाकणं हा आळशी मार्ग. त्यानं डीव्हीआरचे सगळेच्या सगळे पोर्ट बाहेर उघडतात, टेलनेटसकट. यूपीएनपी चालू असेल तर डीव्हीआर स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो, तुम्हाला कळतसुद्धा नाही. दोन्ही बंद.

आणि सीजीनॅट आयपीव्ही४ या जुन्या पत्त्यांपुरतं असतं. त्याच लाईनवर आयपीव्ही६ चे नवे पत्ते मिळत असतील तर मशिनला जगभर पोचणारा पत्ता मिळू शकतो. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे का बघा, एवढ्यावर भागतं.

---

अजिंक्यतारा

शंकासुर दादा, क्लाउड विसरलात. मोबाईलवर पोर्ट न उघडता चित्र दिसतं ते पीटूपीमुळे. डीव्हीआर स्वतः बाहेरच्या सर्व्हरला जोडून बसलेला असतो. सीजीनॅट तिथे आडवं येत नाही, उलट ते ओलांडण्यासाठीच पीटूपी केलंय.

शिओंगमाईच्या एक्सएमआय क्लाउडचा २०१८ मध्ये एसईसी कन्सल्ट या सुरक्षा कंपनीनं अभ्यास केला. मशिनचा क्लाउड आयडी त्याच्या मॅक पत्त्यावरून (कंपनीनं मशिनला दिलेल्या नेटवर्क क्रमांकावरून) तयार होत होता, म्हणजे ओळीनं अंदाज बांधता येत होता. अ‍ॅडमिनला मूळचा पासवर्ड कोरा. आणि पुस्तिकेत कुठेही नसलेलं 'डिफॉल्ट' नावाचं दुसरं खातं, त्याचा पासवर्ड तोच शब्द उलटा लिहिलेला. म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलणाऱ्या शहाण्या माणसाच्या घरातही क्लाउडमधून डोकावता येत होतं.

२०२० मध्ये आणखी एक प्रकार उघड झाला. हायसिलिकॉन चिप आणि शिओंगमाईचं सॉफ्टवेअर असलेल्या डीव्हीआरमध्ये ९५३० पोर्टवर ठराविक संदेशांची देवाणघेवाण केली की बंद असलेलं टेलनेट आपोआप चालू व्हायचं, आणि पुढे रूटचा ठरलेला पासवर्ड. म्हणजे 'टेलनेट बंद दिसतंय' ही खात्री नाही.

कंपन्या असं का करतात? निम्मं उत्तर उत्पादनाच्या रांगेत आहे. बोर्ड तपासताना कामगाराला पटकन आत शिरता यावं म्हणून एक रूट पासवर्ड ठेवतात आणि माल बाहेर जाताना तो काढत नाहीत. उरलेलं निम्मं सर्व्हिस सेंटरच्या सोयीसाठी. चिपवाला नमुना सॉफ्टवेअर देतो, बोर्डवाला त्यावर आपला मेनू चढवतो, ब्रँडवाला फक्त लोगो बदलतो. पहिल्या टप्प्यातला पासवर्ड तिसऱ्या टप्प्यातल्या डब्यात तसाच येतो आणि विकणाऱ्यालाही त्याची गंधवार्ता नसते.

असा पासवर्ड शोधणं अवघड नाही. फर्मवेअरची फाइल कंपनीच्या साइटवरून घ्यायची, बिनवॉक या साधनानं उलगडायची, आतली स्क्वॅशएफएस (फाइलींचा दाबून ठेवलेला साठा) उघडली की पासवर्डची फाइल समोर. त्यातला हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) जुन्या डीईएस पद्धतीचा असेल तर पहिली ८ अक्षरंच मोजली जातात; साध्या ग्राफिक्स कार्डावर तो फुटतो. एकदा फुटला की त्या मॉडेलच्या सगळ्या मशिनांचा फुटला.

---

विश्रामबाग_सेक्रेटरी

आपल्या डब्यात कुणाचा बोर्ड आहे हे स्टिकरवरून कळत नाही म्हणता. मग कसं ओळखायचं?

---

अजिंक्यतारा

पोर्टवरून. सोसायटीच्या वायफायला लॅपटॉप जोडा, एनमॅप (पोर्ट तपासायचं साधन) टाका आणि डीव्हीआरच्या आयपीवर सगळे ६५५३५ टीसीपी पोर्ट तपासायला लावा. नुसतं चालवलं तर तो नेहमीचे हजारच बघतो, आपल्याला हवे ते सुटू शकतात. ३४५६७ उघडा दिसला तर बहुतेक शिओंगमाई घराणं. ३७७७७ म्हणजे दाहुआ घराणं. ८००० म्हणजे बहुधा हिकव्हिजन. ५५४ सगळ्यांकडेच असतो, तो चित्राचा आरटीएसपी. २३, २३२३, ९५२७ किंवा ९५३० उघडे असतील तर त्या डब्याला इंटरनेट देऊ नका, विषय संपला.

डब्याचा मूळ आयपीही ओळख सांगतो. १९२.१६८.१.६४ हिकव्हिजन, १९२.१६८.१.१०८ दाहुआ, १९२.१६८.१.१० शिओंगमाई.

बाहेरून काय दिसतं ते बघायला मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून तुमच्याच पब्लिक आयपीवर हेच करा. तुमच्याच, हे अधोरेखित. शेजारच्या सोसायटीच्या मशिनवर 'बघू तरी' म्हणून छापील पासवर्ड टाकून बघणं हासुद्धा आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येऊ शकणारा प्रकार आहे.

---

कोयनाकाठची

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दवाखान्यांचं बोलूया. मिरज-सांगली म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि तिथे कॅमेरा पार्किंगपुरता नसतो.

राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं सीसीटीव्ही चित्रण फेब्रुवारी २०२५ मध्ये बाहेर आलं. पुढच्या तपासात साधा, न बदललेला पासवर्ड हे कारण समोर आल्याच्या बातम्या होत्या. तपासाचा एक धागा महाराष्ट्रातही आला होता. तिथे प्रश्न पासवर्डचा होता तितकाच कॅमेऱ्याच्या जागेचाही होता. तपासणीची खोली, ड्रेसिंग, प्रसूतिकक्ष इथे कॅमेरा नकोच. पासवर्ड कितीही चांगला असला तरी नको. आयटी कायद्याचं कलम ६६ई खाजगी अवयवांचं चित्रण संमतीशिवाय घेणं किंवा पसरवणं गुन्हा ठरवतं.

प्रकार घडलाच तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. कंपन्या, संस्था, सरकारी कार्यालयं यांना सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. डीव्हीआरचा स्वतःचा लॉग कितपत पुरतो ते मेनूत बघून ठेवा. जागा भरली की जुनं पुसलं जातं. महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर काढून ठेवलेला बरा. संशय आला की लगेच रिसेट करू नका. आधी लॉग काढा, नेटची वायर उपसा, वीज चालू ठेवा. मिराईसारखं काही असेल तर ते फक्त रॅममध्ये असतं. वीज घालवली की पुरावाही गेला. रोगही जातो म्हणा, पण पासवर्ड तोच असेल तर परत नेटला लावल्यावर काही मिनिटांत पुन्हा बसतो.

---

तासगावकर

आमचा प्रश्न जरा वेगळा. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. चेंबरचे टेंपरेचर कंट्रोलर आरएस-४८५ वायरीवर आहेत, तिथून एका छोट्या कन्व्हर्टरनं नेटवर आणि मग मोबाईलवर तापमान दिसतं. यात पासवर्ड कुठे असतो?

---

वारणाकाठ

तासगावकर, तुमच्या साखळीत फक्त मधल्या डबीला पासवर्ड आहे. कंट्रोलर मॉडबस बोलतो, त्याला पासवर्ड नाही. कन्व्हर्टरच्या वेब पेजला असतो, पण तो बहुतेक अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन. आणि तो बदलला तरी पेजच सुरक्षित होतं. डेटाचा पोर्ट, म्हणजे ज्यातून मॉडबसचे आदेश जातात, तो उघडाच राहतो. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्या पोर्टवर जो पोचला तो तापमान वाचू शकतो आणि सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) लिहूही शकतो.

२०१९ मध्ये एका ब्रिटिश कंपनीच्या रेफ्रिजरेशन कंट्रोल सिस्टिमचा असाच प्रकार उघड झाला होता. सात हजारांवर ठिकाणं, सुपरमार्केट आणि दवाखान्यांसकट, इंटरनेटवर उघडी होती आणि पासवर्ड १२३४. ब्राउझरमधून डीफ्रॉस्ट चालू करता येत होतं. चार-पाच अंशांवर ठेवलेल्या मालाला रात्री कुणी डीफ्रॉस्ट लावला तर सकाळी काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

उपाय असा. कन्व्हर्टरला पोर्ट फॉरवर्ड अजिबात नको. कंट्रोलरमध्ये 'रिमोट राइट' बंद करायची सोय असेल तर बंद करा, म्हणजे नेटवरून फक्त वाचता येईल. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन (आपल्या नेटवर्कपर्यंतची खाजगी, कुलूपबंद वाट). आणि नेटशी काहीही संबंध नसलेला एक साधा थर्मोस्टॅट आणि भोंगा प्रत्येक चेंबरला स्वतंत्र लावा. कंट्रोलर कितीही खोटं बोलला तरी भोंगा खरं बोलतो.

---

शंकासुर

व्हीपीएन म्हणजे आयटीवाल्यांचं काम. कोल्ड स्टोरेजच्या मालकानं आणि सोसायटीच्या वॉचमननं व्हीपीएन लावत बसायचं?

---

आरजे४५

एकदा लावायचं, मग मोबाईलवर एक बटण. पब्लिक आयपी असेल तर वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) चालणारा राउटर घ्या, बाहेर फक्त यूडीपी ५१८२० उघडा ठेवा. पब्लिक आयपी नसेल तर एखादा रास्पबेरी पाय किंवा जुना मिनी पीसी घेऊन त्यावर टेलस्केल हे व्हीपीएन टाका, ते सीजीनॅटमधूनही चालतं. डीव्हीआरवर काही टाकावं लागत नाही.

नेटवर्क वेगळं करण्याचे तीन मार्ग, स्वस्तापासून वर.

सगळ्यात सोपा म्हणजे कमिटीचं वायफाय, पाहुण्यांचे मोबाईल हे सगळं राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ढकला. डीव्हीआर यानं पुरता सुरक्षित होत नाही, पण मोबाईलमधली घाण त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही.

दुसरा, आयपी कॅमेरे असतील तर मागे पीओई (नेटच्या वायरीतूनच वीज देणारे) पोर्ट असलेला एनव्हीआर. कॅमेरे थेट त्यात लावले की त्यांचं आतलंच वेगळं नेटवर्क बनतं, राउटरला ते दिसतही नाहीत. कॅमेऱ्यात हार्डकोडेड पासवर्ड असला तरी बाहेरच्याला आधी एनव्हीआर ओलांडावा लागतो. लोक पैसे वाचवायला साधा पीओई स्विच घेऊन सगळं राउटरच्याच रांगेत लावतात आणि हा फायदा घालवतात.

तिसरा, व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं. पाच पोर्टचा स्मार्ट स्विच दोन-अडीच हजारांत येतो. पण थांबा, तो स्विचही अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनवरच येतो :) आणि टीपी-लिंकच्या टीएल-एसजी१०५ई सारख्या स्वस्त स्विचचं सेटिंगचं पान कोणत्याही व्हीलॅनमधून उघडतं. तेव्हा त्याचा पासवर्ड पहिल्यांदा बदला. आणि स्विच नुसता रांगा वेगळ्या करतो, त्यांच्यातला नियम राउटरला लिहावा लागतो. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून इंटरनेटकडे जाणारं सगळं बंद.

---

अजिंक्यतारा

इथे एक पुस्ती. सगळं बंद केलं की घड्याळाची वेळही मिळत नाही. सहा महिन्यांत डीव्हीआरचं घड्याळ काही मिनिटं इकडेतिकडे होतं, आणि आतला सेल गेलेला असेल तर लाईट गेल्यावर थेट मागच्या दशकात. मग चोरीचं फुटेज पोलिसांना देताना वेळच जुळत नाही. एनटीपी (वेळ पुरवणारा सर्व्हर) म्हणून राउटरचाच आयपी द्या, बऱ्याच राउटरना ती सोय असते. नसेल तर फक्त यूडीपी १२३ ला वाट ठेवा.

आणि पीटूपीवालं मोबाईल अ‍ॅप हवं असेल तर पूर्ण बंदी शक्य नाही, हे कमिटीला आधीच स्पष्ट सांगा. दोन्ही एकदम मिळत नाही. माझ्या मते शिओंगमाई घराण्याचा जुना डबा असेल तर पीटूपी बंद करून टाकायचं, त्यात तडजोड नको.

---

मीटरवाला

सोलरवर कुणी बोललं नाही. फेब्रुवारी २०२४ ला सूर्यघर योजना आल्यापासून गच्च्या भरल्यात, आणि प्रत्येक इन्व्हर्टरला एक वायफाय काडी, म्हणजेच लॉगर.

ही काडी राउटरला जोडल्यावरही स्वतःचं वायफाय चालू ठेवू शकते. नावात सिरीयल नंबर, पासवर्ड एकतर नाही किंवा १२३४५६७८. सोलरमन पद्धतीच्या काडीत जोडून १०.१०.१००.२५४ उघडायचं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, आणि काही फर्मवेअरमध्ये त्या पानावर तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड उघडा दिसतो. म्हणजे शेजारच्या गच्चीवरून तुमचं वायफाय गेलं. शिवाय पोर्ट ८८९९ वर विनापासवर्ड मॉडबस मिळतो.

काय करायचं? काडीच्या पानावर जाऊन वेब पासवर्ड बदला. तिच्या वायफायला डब्ल्यूपीए२ आणि स्वतःचा पासवर्ड द्या. काडी राउटरच्या गेस्ट वायफायवर चालवा, म्हणजे पासवर्ड गळला तरी गेस्टचाच गळेल. काही काड्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात, गेस्टही त्याच बँडवर ठेवा. फर्मवेअर अपडेटनंतर पुन्हा एकदा बघा, काहींमध्ये सेटिंग मूळपदावर जातं.

क्लाउडकडचं आपल्या हातात नाही. सोलरमनच्याच प्लॅटफॉर्मच्या सुपर अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड गिटहबवर उघडा पडलेला नेदरलँड्समधल्या संशोधकाला सापडला होता. त्यातून जगभरच्या इन्व्हर्टरपर्यंत हात पोचत होता.

---

विश्रामबाग_सेक्रेटरी

थंब मशिन राहिलं. क्लब हाउसच्या दाराला आहे, दार त्यावरच उघडतं.

---

आरजे४५

झेडके (झेडकेटेको) घराण्याचं असेल (बहुतेक तेच असतं) तर तीन कामं.

मशिनमध्ये एकही अ‍ॅडमिन नोंदलेला नसेल तर मेनूचं बटण दाबणारा कुणीही आत जातो आणि स्वतःचं बोट नोंदवतो. कमिटीतल्या दोघांना सुपर अ‍ॅडमिन करा. दोघं यासाठी की एकटा गाव सोडून गेला तर मशिन उघडायला कंपनीचा माणूस बोलवावा लागतो.

पोर्ट ४३७० वरून सॉफ्टवेअर बोलतं, त्याची कॉम की (मशिन आणि सॉफ्टवेअरमधला पासवर्ड) मूळची ० असते, म्हणजे कुलूपच नाही. ती बदला आणि हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्येही तीच टाका, नाहीतर महिनाअखेरीला डेटा ओढला जात नाही म्हणून बोंब होते. ही कीसुद्धा फार भक्कम नसते. ४३७० बाहेर कधीच उघडायचा नाही. २०२४ मध्ये कॅस्परस्कीनं झेडकेच्या एका टर्मिनलमध्ये २४ त्रुटी काढल्या होत्या, त्यात क्यूआर कोड दाखवून शिरण्याचा प्रकारही होता.

तिसरं काम स्क्रू ड्रायव्हरचं. मॅग्नेटिक लॉकचा रिले (कुलपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) मशिनच्या पोटातच असेल तर दोन स्क्रू काढून मागच्या वायरी जोडल्या की दार उघडतं. पासवर्ड गेला उडत. रिले किंवा कंट्रोलर दाराच्या आतल्या बाजूला बसवा.

---

विश्रामबाग_सेक्रेटरी

पुढच्या महिन्यात कॅमेऱ्यांची एएमसी नव्यानं द्यायची आहे, दोन डीव्हीआरही बदलायचे आहेत. वर्क ऑर्डरमध्ये काय घालू?

---

कोयनाकाठची

नवीन माल घेताय तर पहिली अट मॉडेलच्या तपासणीची. ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्राच्या सुरक्षा निकषांची चाचणी लागू झाली आहे. त्यात डीबगचे पोर्ट, प्रत्येक मशिनची वेगळी की, सही केलेलं फर्मवेअर असल्या गोष्टी येतात. नेमक्या मॉडेल नंबरचा दाखला मागा, 'कंपनीचं आहे' एवढ्यावर भागवू नका. जुना स्टॉक स्वस्तात खपवायचा प्रयत्न होऊ शकतो. युनायटेड किंगडममध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ग्राहकांच्या उपकरणांना सरसकट एकच डिफॉल्ट पासवर्ड ठेवायलाच बंदी आहे, पण तो नियम आपल्याकडे येणाऱ्या मालाला लागू नाही.

बाकी ऑर्डरीत साध्या मराठीत लिहा. अ‍ॅडमिन खातं आणि क्लाउडची मालकी सोसायटीकडे राहील. कॅमेरेवाल्याला वेगळं ऑपरेटर खातं, फक्त लागणाऱ्या परवानग्यांसह. काम संपलं की ते बंद. रिसेटचा ईमेल सोसायटीचा. यूपीएनपी, टेलनेट, डीएमझेड बंद करून दाखवावं लागेल. हँडओव्हरला मॉडेल, सिरीयल, मॅक, आयपी, फर्मवेअर आवृत्ती यांची यादी सही करून द्यायची. शेवटचे दहा टक्के बिल ही यादी तपासल्यावरच. पासवर्ड या यादीत लिहू नका. ते बंद पाकिटात, चेअरमन आणि सेक्रेटरीच्या सहीनिशी, कपाटात.

---

अजिंक्यतारा

त्यात 'फर्मवेअर किती वर्षं मिळेल ते लेखी द्यावे' हेही घाला. आणि अपडेट त्याच ब्रँडच्या, त्याच मॉडेलच्या फाइलनं. मूळ कंपनीची फाइल ब्रँड बदललेल्या डब्यात घातली तर डबा मरतो, आणि वॉरंटीवाला हात वर करतो.

---

विश्रामबाग_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका. जुने दोन डीव्हीआर कॅमेरेवाला बायबॅकमध्ये हजार-हजार रुपयांना घेतो म्हणतोय. द्यावेत का?

---

आरजे४५

डबे द्या, हार्डडिस्क काढून ठेवा. चार स्क्रू आणि दोन वायरी. डीव्हीआरच्या मेनूतल्या फॉरमॅटनं फुटेज खरं पुसलं जात नाही, परत काढता येतं. डिस्क चांगली असेल तर कॉम्प्युटरला लावून एकदा पूर्ण शून्यं लिहून घ्या. २ टीबीला चार-पाच तास लागतात. खराब असेल तर ड्रिलनं प्लेटांना आरपार भोकं. डबा देण्याआधी क्लाउडमधून अनबाइंड आणि फॅक्टरी रिसेट, याच क्रमानं. आधी रिसेट केलात तर डबा तुमच्याच खात्याला चिकटलेला राहतो आणि घेणारा महिनाभर फोन करत बसतो.